खोडलेली कडू

आमच्या बन्सीधरला आता आईची गरज उरली नाही. कादंबरी पहिल्यांदा लिहिली तेव्हा एकेक प्रकरण मला ऐकवायचा. "माय, आपल्याकडं असं म्हणतेत का गं?" मी दुसरी शिकलेली बाई, पण शहरी बोलणं आलं की तिथंच अडवायची. पुण्याच्या प्रकाशकानं दुरुस्त्या सांगितल्यापासून मात्र हा गडी दार लोटून लिहितोय. सून म्हणते, कामात हायेत. मग आधी मला ऐकवायचा तेव्हा काय रिकामा होता?

चहा घेऊन मीच आत गेले. वरच्या कागदावर एक नाव लाल शाईनं खोडलेलं. मला वाचायला वेळ लागतो, पण ते नाव मी कुठंही ओळखीन. कडू.

माझी दोन लेकरं पाळण्यातच गेली. म्हणून तिसरीचं नाव कडू ठेवलं. यमानं तोंडात घातलीच तर थुंकून टाकावी. पोर टिकली. धाकट्या बन्सीला कडेवर घेऊन वाढवलं तिनं. मग लग्नात सासरच्यांनी रिवाजाप्रमाणं नाव बदलून गीता केलं. पहिल्या बाळंतपणाला इथं पिंगळीला आली आणि माझ्या मांडीवरच गेली. लोक म्हणतात, नावाचा काय संबंध? म्हणोत.

"हे कुणी खोडलं रे?"

"प्रकाशक म्हणले, नाव कानाला बरं लागलं पाहिजे. मधुरा केलंय."

"आन् तू केलंस! परभणीला विद्यापीठाच्या नामांतराच्या सभेत घसा फोडून सांगत होतास, नावात माणसाची इज्जत असती म्हणून. दगड खाऊन आलतास. जखमेत हळद मीच भरली."

"ते येगळं, माय."

"कसं येगळं?"

 पेनाचं टोपण लावत तो म्हणाला, "पण मी तिला जगवलंय. शेवट बदललाय, माय. आता ती बाळंतपणातून उठती."

 मी खाली बसले. "वाच."

त्यानं वाचलं. मधुरा डोळे उघडते. बाळाला कुशीत घेते. 'आई, किती गोड आहे गं,' म्हणते. मी पदर तोंडाशी धरून वाट बघत राहिले. कडू असती तर आधी विचारलं असतं, बन्सी जेवला का? जाता जाताही तिनं तेवढंच विचारलं होतं. पहिल्या लिखाणात होतं ते. आता कुठंच नव्हतं.

 कागद खाली ठेवून तो म्हणाला, "बरं झालंय न्हवं?"

मी उठले.

"लय चांगलं झालंय, बन्सी. छापून आण. लोक वाचतील, रडतीलबी. पर ही मधुरा कुणाची कोण, मला ठावं न्हाई. हिच्यापायी तू आपली पोर घराबाहेर काढलीस. आता ह्यातलं एक पानबी मला ऐकवू नको."