पाटीशिवायचा फोटो

कार्ड यंत्रात सरकवून तिने पहिला फोटो उघडला आणि लगेच खुर्ची पुढे ओढून पडदा अंगाआड केला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. साहेब समोरच्या दालनात फोनवर बोलत होते. तरीही.

फोटोत ती स्वतः होती. हालचाल दिसली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा झाडाला बांधून मागे फिरताना एका अंगाने टिपलेली. डावा हात कमरेवर, उजवा खोडावर, आणि हिरव्या रेनकोटची बटणं लागेनाशी झाल्यामुळे उघडं पडलेलं मोठं पोट. आठवा महिना. कोपऱ्यात तारीख मात्र बारा वर्षांपूर्वीची, एक जानेवारी.

बॅटरी बदलली की या कॅमेऱ्यांचं घड्याळ कारखान्यातल्या पहिल्या दिवसावर जातं. ते पुन्हा लावायचं, आणि तेवढ्यावर विश्वास नको म्हणून खडूने तारीख लिहिलेली पाटी भिंगासमोर धरून पहिला फोटो काढायचा, ही राखीव क्षेत्रातली रीत. पाटी नसलेलं कार्ड प्राण्यांच्या मोजणीत धरत नाहीत. त्या दिवशी ती दोन्ही विसरली होती. पाटी जीपमध्ये राहिली हे लक्षात आलं तेव्हा पुन्हा चढण चढायचा दम उरला नव्हता. पुढे तिच्या बाळंतपणाच्या रजेत बदली आलेल्याने ते कार्ड ‘बाद’ लिहिलेल्या पाकिटात टाकलं, आणि पाकीट वर्षभराहून अधिक काळ कपाटात पडून राहिलं.

पुढचे फोटो तिने एकेक करून पाहिले. वारा, पानं, बगळा, पुन्हा वारा. मग पाणमांजराची मादी. एकतीस फोटोंत ती होती आणि तिची तीन पिल्लं. दोन दगडावर लोळत पडलेली, तिसरं पाण्याला बिचकणारं. त्याला आईने मानेला धरून ओढत नेलेलं. शेवटच्या फोटोत दोनच पिल्लं दिसली. तिने फोटो मोठा केला. तिसरं आईच्या शेपटीमागे होतं. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

सुनावणी परवावर आली होती. नदीचं ते वळण राखीव क्षेत्राच्या गाभ्यातून काढून कडेच्या पट्ट्यात टाकायचं घाटत होतं. गाभ्यात बांधकाम करता येत नाही, कडेला येतं. बोटींच्या धक्क्याचे आणि हॉटेलाचे नकाशे तयारच होते. वळण गाभ्यात ठेवायचं तर एकच अट होती: गेल्या दोन वर्षांत तिथे दुर्मीळ प्राण्याची वीण झाल्याचा पुरावा. अहवालाच्या त्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलेलं होतं. आठवड्यापूर्वी तिनेच लिहिलं होतं.

साहेब वाईट नव्हते. मुलीला ताप आला की ते न मागता अर्धा दिवस देत. पिल्लं पाहून ते हसले, तारीख पाहून थांबले. तिने पहिला फोटो पुढे केला तेव्हा त्यांनी नजर टेबलावरच्या कागदांकडे वळवली. फोटोंचे क्रमांक सलग आहेत, मध्ये कुठे खंड नाही, असं ती सांगत राहिली.

“हे पोट कुठल्या वर्षाचं, ते कोण सांगणार?”

“मला एकच मुलगी आहे, साहेब.”

त्यांनी उठून दार लावलं. सहाव्या महिन्यानंतर नदीकाठच्या कामाला बंदी आहे, आणि तिने तेव्हा पाचवा सांगितला होता, याची त्यांनी आवाज न चढवता आठवण करून दिली. खोटी माहिती दिली म्हणून तिचा करार वाढणार नाही. शिवाय त्यांनाही विचारतील, तुम्हाला डोळे नव्हते का.

“हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये,” ते म्हणाले. “हे तर पोहतंय.”

मुलीच्या जन्माचा दाखला सासूबाईंच्या कपाटात असायचा. त्या नातीला भात भरवत होत्या. दाखला कशाला हवा, हे सांगायचं तर फोटो दाखवणं आलं. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, मग जवळ.

“ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून असते म्हणायचीस. हा कुठला कॉम्प्युटर?”

मुलीने चमचा खाली टाकला. तो उचलण्याच्या निमित्ताने ती बराच वेळ वाकून राहिली. वरून बोलणं चालू होतं. पाय घसरला असता तर, पाण्यात पडली असतीस तर, हाक मारायला तरी कोण होतं तिथे. नवऱ्याला माहीत होतं का, यावर तिने नुसती नाही म्हणून मान हलवली. त्यातलं काहीच नवं नव्हतं. चौदा महिने ती हेच स्वतःला ऐकवत आली होती, मुलीला आंघोळ घालताना, तिची नखं कापताना, ठसका लागला की पाठीवर हात फिरवताना.

सासूबाई आत गेल्या आणि दाखल्याबरोबर दवाखान्याची जाडजूड फाइल घेऊन आल्या.

“दाखल्यावर नुसता जन्म आहे. कितवा महिना कधी, ते यात आहे. तारीखवार.” त्यांनी फाइल पुढे केली, पण हातातून सोडली नाही. “खोटं बोललीस, हेही यात दिसणार.”

“दिसू दे, आई.”

“आणि तो रेनकोट माझा आहे. तरीच काखेत उसवला होता.” त्यांनी फाइल सोडली.

सुनावणीच्या खोलीत पाच सदस्य होते, हॉटेलवाल्यांचे वकील, टिपण घेणारा लिपिक आणि कोपऱ्यात साहेब. फोटो भिंतभर झाला होता. कोणी खाकरलं, कोणी पाण्याचा पेला सरकवला. अध्यक्ष पडद्याकडे न बघता समोरची पानं उलटत होते.

वकिलांनी नम्रपणे विचारलं, नियम मोडून गेला होतात का.

“मोडला. लिहून घ्या.”

जी बाई महिना खोटा सांगते तिची तारीख खरी कशावरून, असं त्यांनी मग सदस्यांकडे बघून विचारलं. तिने फाइल टेबलावर ठेवली.

“तारीख माझी नाही, दवाखान्याची आहे. चार दिवस मागेपुढे होतील. वर्ष होणार नाही.”

वकिलांनी दोन पानं उलटली आणि फाइल मिटली.

“बरं, बरं,” अध्यक्ष म्हणाले. “पुढचा फोटो लावा. पिल्लांचा.”

खोली सैलावली. साहेबांनी कोपऱ्यातून डोळ्यांनीच खुणावलं, लाव. तिचं बोट बटणावर होतं.

“आधी हा नोंदवून घ्या,” ती म्हणाली. “हा धरला नाही, तर पुढचा एकही धरता येत नाही.”

तिने बटणावरून हात काढला आणि उठून पडद्याशेजारी जाऊन उभी राहिली. अध्यक्षांच्या हातातलं पान अर्धवट उलटलेलं राहिलं. लिपिकाने मान वर करून फोटोकडे नीट पाहिलं, आणि पेनाचं टोपण काढलं.