मागचा

साल एकोणीसशे एक्कावन्न. लढाई संपून सहा वर्षं झाली होती, आणि शिलाईवालीची चार वर्षांची लेक पिटुकली अजून भिंत सोडायला तयार नव्हती. तापात तिचा डावा पाय लुळा पडला होता. डॉक्टरांनी पायाला चामडी पट्ट्यांचा लोखंडी आधार दिला आणि बजावलं, "आता कशाला न धरता पावलं टाकायला हवीत. नाहीतर पाय वाळत जाईल."

आई समोर बसून हात पसरायची. पिटुकली मान हलवायची. दोनदा आईचा हात चुकला होता, हनुवटीवर खूण होती. पोरीचा विश्वास एकट्या बापावर.

आणि बाप हा असा! पायदळात चार वर्षं काढून आलेला, आता लाकडाच्या वखारीत ओंडके वाहणारा. ओंडका दोघांनी उचलायचा असतो, पुढचा माणूस रस्ता बघून ओरडतो, "ये, मोकळं आहे." हा गडी कायम मागचं टोक धरायचा. वखारीत त्याचं नावच पडलं होतं, मागचा. घरातही तो कुणाला 'ये' म्हणत नसे. जेवायला बोलवायचं तर ताटावर वाटी वाजवायचा.

"अहो, नुसतं ये म्हणा तिला," एका संध्याकाळी शिलाईवाली काकुळतीला आली. "तुमच्याकडे येईल ती."

"दुसरं काहीही सांग."

"दुसरं काय सांगू? जन्मभर कडेवर घेऊन फिरणार आहात का?"

तो चपला घालून बाहेर पडला.

"माझा लेक जीभ तिकडेच विसरून आलाय," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "एवढ्या लांब लढाईला गेला होता, तर येताना तेवढी घेऊन यायची होती!"

"सासूबाई, तुम्ही तरी आगीत तेल ओतू नका."

तो परतला तेव्हा ती एका सदऱ्याची कॉलर उसवत होती. तो उंबऱ्यातच बसला आणि जमिनीकडे बघत बोलू लागला.

"पडक्या गावात एक चौक ओलांडायचा होता. मी पहिला पळालो. भिंतीला टेकून छपरं बघितली, खिडक्या बघितल्या. चिटपाखरू नव्हतं. मागे आमचा बडबड्या होता. त्याचं तोंड झोपेतच काय ते मिटायचं. त्याला म्हटलं, ये, मोकळं आहे. दबा धरून बसलेल्यांनी मला मुद्दाम सोडलं होतं गं. अर्ध्या चौकात पडला तो. माझ्याकडेच बघत होता."

तिने कात्री खाली ठेवली. इतकी वर्षं ती याला हट्ट समजत आली होती.

"जेवून घ्या," एवढंच ती म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी त्याने आपणहून पिटुकलीला उचललं आणि तिघं बंद वखारीत गेली. अंगणात भुशाचा जाड थर होता. बायकोला त्याने समोरच्या ओंडक्यावर बसवलं, पोरीला उभं केलं आणि स्वतः तिच्या मागे गेला.

"बाबा, तुम्ही तिकडे जा ना."

"तिकडे आई आहे."

"आई पाडते!"

"पाडू दे. भुसा आहे. मी मागे आहे, कधीही वळून बघ."

पिटुकलीने वळून बघितलं. तो होता. समोर आईने हात पसरले. त्या 'ये'चं वजन तिला आता कळलं होतं. तिने आधी छपराकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं, आणि मग म्हणाली, "ये गं. मोकळं आहे."

आधाराचं लोखंड कुरकुरलं. पोर पडली, उठली, पुन्हा पडली. तिसऱ्या खेपेला तिचं भुशाने माखलेलं डोकं आईच्या छातीवर आदळलं. मागे तो दोन्ही हात लोंबते सोडून उभा होता आणि रडत होता.

सासूबाई पुढे दोन वर्षांनी गेल्या. जीभ शेवटपर्यंत तिखट. वखारीच्या जागी मोटारींचं गॅरेज आलं. पिटुकली टेलिफोन कचेरीत लागली. आधार सुटला, लंगडणं राहिलं. बापाची नजर अधू झाल्यावर रस्ता ओलांडताना तीच पुढे जायची आणि पलीकडून म्हणायची, "या बाबा, मोकळं आहे." तो छपरांकडे तोंड करून क्षणभर थांबायचा आणि निघायचा. स्वतः मात्र कुणाला 'ये' न म्हणताच एका दुपारी झोपेत गेला.

शिलाईवाली अजून शिवते. दार वाजलं की आधी उठून खिडकीतून रस्ता बघते, आणि मगच म्हणते, ये.