तीन बरगड्या, दोन खुबे

"आणून दिलीस तवा बरगड्या मोजता येत हुत्या हिच्या! उपाशी मारत हुतास व्हय रं?"

मीनाआत्या जुळे सोलापुरातल्या आपल्या गेटात उभी राहून माझ्यावर वरडत हुती. शेजारच्या प्रेमलाकाकू भिंतीवरनं मजा बघत हुत्या.

"कारवान कुत्री हाय ती, आत्या. सशामागं पळणारी जात. तीन बरगड्या आन् दोन खुबे दिसायलाच पायजेत. तू पार पिंप केलंस की तिचं!"

"शाळा सोडल्यापास्नं लईच शाना झालास."

हे लागलं मला. काकूंच्या म्होरं कशाला काढायचं?

लांबडीला मी वैरागच्या बाजारातनं आणलं, तवा ती वंजळीत मावत हुती. श्रीपूरला उसाच्या ट्रॅक्टरवर गेलो, म्हणून चार म्हैने आत्याकडं ठिवली. जाताना सांगितलं, गोदडी टाक, फरशीवर हिची कोपरं सोलत्यात. थंडीत अंगात कायतरी घाल. खाल्ल्यावर दोन तास पळू दिऊ नको. आत्यानं समदं केलं, स्वेटर पण विणला. पण काकू रोज इचारायच्या, "हिला जेवाय घालत न्हाय का वो?" आत्याला लाज वाटायची. मग दुधात भाकरी कुस्करायची, दोन टायमाच्या जागी चार टाईम.

"आता बघाच काकू, पळती का ही!" म्हणलं आन् समोरच्या मैदानात पट्टा सोडला.

वाऱ्यानं एक पांढरी पिशवी उडाली. लांबडीची नजर तिच्यावर बसली आन् संपलं. एकदा नजर बसली की ह्या जातीला हाक ऐकू येत न्हाय. मी वरडलो, शिट्टी मारली. तीन फेऱ्या मारल्या तिनं. जड झालती, तरी काय पळाली!

घरी आली आन् अर्ध्या तासात वाकली. वकायचा जोर करायची, भाईर कायबी न्हाय. पोट ढोलकीगत टणक.

आता दवाखान्याच्या बाकड्यावर बसलोय. डॉक्टर म्हणले, "पोटाला पीळ पडलाय. फाडावं लागेल. ह्या जातीला भूल सोसत नाही, वाचेल असं सांगत नाही."

आत्या पदरात तोंड घालून एकच बोलतीया, "माज्या भाकरीनं केलं."

मग म्हणलं, "आत्या, दारातली ताटली मी बघितली हुती. दूध वलं हुतं अजून. तरी सोडली."

तिनं वर बघितलं. मारंल वाटलं. मारलं न्हाय. नुसती बघत राहिली, त्येच वंगाळ.

डॉक्टर आतनं हाक मारत्यात, भूल चढंस्तवर तोंडापाशी कुणीतरी पायजे म्हणून. जातो. आता जायला पायजे.