जागा चुकलेली गोळी

मित्रांनो, मी झांबेझी नदीकाठच्या एका गावातली जुनी रायफल. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे आणि नळीवर आता गंज चढलाय. रानरेडा मक्यात शिरला की वनखात्याचा परवाना घेऊन मला बाहेर काढत. माझे मालक ग्वातिद्झो यांचा हात तेव्हा फार स्थिर होता. गावभर माझं कौतुक होई आणि मी फुशारून जाई.

मग मालकांना गोळ्यांचं वेड लागलं. घरच्या बिअरचं भांडं फिरू लागलं की त्यांची टकळी सुरू. मऊ टोकाची गोळी आत जाऊन फुलते, ठोस गोळी हाड फोडून आरपार जाते, अमक्या देशाची तमक्याहून भारी. नेमाचा सराव मात्र बंद पडला. एवढ्या महागाच्या गोळ्या कागदी निशाणावर कशाला वाया घालवायच्या, असं ते म्हणत.

माग काढायला त्यांच्याबरोबर तारुविंगा असे. तो त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे जावयाचे लाड नसतात. सासुरवाडीचं जनावर त्यानेच सोलायचं, अवघड कामाला त्यानेच पुढे व्हायचं आणि बायकोच्या थोरल्या भावाला उलट बोलायचं नाही. तारुविंगा हे सगळं हसतमुखाने पाळी.

त्या सकाळी रेडा झुडपाआड तिरका उभा होता. खांदा फांद्यांमागे होता, दिसत होतं ते नुसतं पोट. मालकांनी मला खांद्याला लावलं.

"दादा, जरा थांबता का? त्याला एक पाऊल पुढे टाकू द्या," तारुविंगा हळूच म्हणाला.

"जावई, तू आपली सुरीला धार लाव. ही गोळी शेपटीला लागली तरी रेडा बसेल."

चाप ओढला गेला. गोळी खरंच उत्तम होती, पण ती ओल्या गवताने भरलेल्या पोटात जाऊन फुलली. रेडा धडपडत दाट गवतात शिरला. जखमी जनावर तसंच सोडून जायचं नाही, हा आमचा रिवाज. पुढे कोण जाणार, हे विचारावंही लागलं नाही. जावई पुढे झाला. रेडा वळसा घालून मागाच्या कडेलाच दबा धरून उभा होता.

दुसरी गोळी त्याच डबीतली होती. ती खांद्यात बसली आणि रेडा जागच्या जागी कोसळला. पण त्याआधीच त्याने तारुविंगाला शिंगांवर घेतलं होतं; तारुविंगा जीवानिशी गेला. मला फार वाईट वाटलं आणि मालकांचा संतापही आला.

दुखवट्याला आलेल्या प्रत्येकाला मालक गोळीच बोगस निघाल्याचं सांगत होते. तारुविंगाची बायको मुचानेटा ऐकत बसली होती. शेवटी तिने विचारलं, "दादा, गोळी लागली कुठे होती?"

"अगं, परदेशी म्हणून घेतली होती, पण माल खोटा निघाला."

"कुठली होती ते नाही विचारलं मी. लागली कुठे?"

मालक उठून अंगणात गेले. पुढच्याच हंगामात त्यांनी नवी रायफल आणली आणि दुसऱ्या देशाच्या गोळ्या. मला कोपऱ्यात उभं केलं, जणू दोष माझाच.

मित्रांनो, मला तेल लावा म्हणून मी विनवत नाही. गंजले तर गंजले. पण माझ्यासारखी कधी तुमच्या हातात आली आणि शेजारचा माणूस "थांबा" म्हणाला, तर थांबा. तो जावई आहे की कोण, हे बघू नका. मला स्वतःहून थांबता येत नाही हो.