खोडलेली पेन्सिल

नव्या असिस्टंटांपुढे भाषण करायला मला बोलावलं, तेव्हा विषय ऐकूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली. 'पंचविशीतल्या स्वतःला मी काय सांगेन.' ऑफिसातलं कुणी परदेशात ट्रेनिंग करून आलं की असले विषय निघतात. मग आमच्यासारख्यांनी माइकसमोर उभं राहायचं, जुन्या चुकांवर गोड हसायचं आणि संयमाचं महत्त्व सांगायचं. मी त्रेपन्न वर्षांची आहे. त्यातली अठ्ठावीस दिल्लीतल्या सरकारी फाइलींत गेली, आणि संयम या शब्दाचा मला आता वीट आला आहे.

पंचविशीतल्या भावना रामटेकेला सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण ते ऐकायला पहिल्या रांगेत डायरेक्टर उल्हास पटवर्धन बसणार होते, आणि माझ्या कामाचा वार्षिक रिपोर्ट अजून त्यांच्याकडे होता. त्या रिपोर्टावर माझं अंडर सेक्रेटरीचं प्रमोशन अडकलेलं. आधीच बारा वर्षं उशिरा आलेलं, आणि यंदा हुकलं तर परत मिळणार नाही असं.

भाषण दोन दिवस आधी दाखवा, असं त्यांनी सांगितलं. मी दाखवलं. कागद परत आले तेव्हा मधल्या दोन परिच्छेदांवर काट होती आणि समासात त्यांच्या सुबक, तिरप्या अक्षरात नवी वाक्यं होती. 'वरिष्ठांच्या अनुभवावर विश्वास ठेवा. लवचीक राहा.' सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. मी ते कागद घेऊन तशीच त्यांच्या खोलीत गेले.

"बसा, भावना. छान लिहिलंय तुम्ही," ते म्हणाले. "फक्त तो जुना किस्सा कशाला? बच्चे लोग घाबरतील यार. जरा पॉझिटिव्ह ठेवा."

"किस्सा खरा आहे, सर."

"मी कुठे नाही म्हणतोय? पण अठ्ठावीस वर्षं झाली त्याला. आणि तुमचा रिपोर्ट मी याच आठवड्यात भरतोय, बरं का. आउटस्टँडिंगच द्यायचं आहे मला. आपली माणसं म्हणून सांगतो."

आपली माणसं. याच दोन शब्दांनी तेव्हा माझा घात केला होता, म्हणून तो किस्सा आधी नीट सांगते.

सत्त्याण्णव साली मी भंडाऱ्याहून नोकरीसाठी दिल्लीत आले. हिंदी बोलताना माझी जीभ अडखळायची आणि सगळा सेक्शन हसायचा. अशात एक दिवस सेक्शन ऑफिसर उल्हास पटवर्धन माझ्या टेबलाशी थांबून मराठीत म्हणाले, "जेवण झालं का?" त्या तीन शब्दांवर मी त्यांच्यासाठी वाटेल ते केलं असतं. परमुलखात कुणी मराठी बोललं की तो आपला, एवढी माझी अक्कल होती तेव्हा.

त्या काळी फाइली कागदाच्या होत्या. साहेबाला एखादी गोष्ट व्हायला हवी असली पण ती स्वतःच्या नावावर नको असली, तर तो नोटशीटच्या समासात पेन्सिलीनं टिपणी लिहायचा. असिस्टंटनं ती पेनानं आपल्या अक्षरात उतरवायची, खाली सही करायची आणि पेन्सिल रबरानं खोडून टाकायची. मग टिपणी असिस्टंटची. साहेब तिच्याखाली नुसती सही करून मोकळा. सगळ्या ऑफिसात हे चालायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही.

माझ्याकडे जी फाइल आली ती रमाबाईंची. त्यांचा नवरा आमच्याच रेकॉर्ड रूममध्ये नोकरीत असताना वारला होता आणि त्यांनी अनुकंपा नोकरीसाठी अर्ज केला होता. अर्ज मुदतीत आला होता. त्यावर तारखेचा शिक्का मीच मारला होता, मला पक्कं ठाऊक होतं. पण जागा एकच होती आणि तिच्यासाठी वरून दुसऱ्याच कुणाचं नाव आलं होतं. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'अर्ज मुदतीनंतर प्राप्त. फेटाळावा.' मी मान वर केली. उल्हास सर म्हणाले, "लिहून टाका. आपली माणसं म्हणून तुम्हाला देतोय, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

मी लिहून टाकलं. रबरसुद्धा माझाच होता.

तीन वर्षांनी रमाबाईंच्या तक्रारीवरून चौकशी झाली. अक्षर माझं, सही माझी. सरांनी लेखी जबाब दिला की त्यांनी असिस्टंटच्या टिपणीवर विसंबून मान्यता दिली. मला लेखी ताकीद मिळाली, माझी बढती मागे पडली, आणि ते पायरी पायरी चढत डायरेक्टर झाले. भेटले की अजून विचारतात, जेवण झालं का.

असो. तर परवा सकाळी मी मेट्रोनं नोएडाला गेले. ट्रेनिंग सेंटरचा हॉल एसीनं गारठलेला होता आणि समोर चाळीस पोरंपोरी नव्या कोऱ्या ओळखपत्रांसह बसली होती. उल्हास सर पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून. मी त्यांचे पेन्सिलीचे कागद पर्समध्येच ठेवले आणि बोलायला लागले.

बोलले हिंदीत, पण काहीही गाळलं नाही. शिक्का, समास, रबर, सगळं सांगितलं. एक मुलगा म्हणाला, "मॅम, आता सगळं कंप्युटरवर आहे, पेन्सिल कुठे?" मी म्हटलं, "आता साहेब फोन करून टिपणी कशी मांडायची ते सांगतात. 'ऐसे पुट अप कर दो.' पेन्सिलीचा निदान वळ तरी राहायचा कागदावर. म्हणून फोन ठेवला की फाइलीत लिहा, अमुक साहेबांच्या तोंडी आदेशानुसार. साहेब रागावतील. रागावू देत. साहेबाचा राग उतरतो, तुमच्या नावावरची टिपणी उतरत नाही."

पोरं सावरून बसली. त्याच मुलानं विचारलं, "वो सर अब कहां हैं?"

"आपके सामने बैठे हैं," मी म्हणाले.

चाळीस माना एकदम वळल्या. उल्हास सरांनी टाकलेला पाय खाली घेतला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. प्रमोशन गेलं हे त्याच क्षणी कळलं होतं, तरी मी ताठ उभी होते आणि टाळ्यांची वाट पाहत होते.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं नीरजा. आवाज साधा, त्यात टोमणा नव्हता.

"मॅम, उस औरत के लिए आपने क्या किया?"

उल्हास सर पटकन उठले आणि म्हणाले, "चलो, टाइम हो गया. चाय ठंडी हो रही है." मला सोडवायला उठले होते की स्वतःला, कोण जाणे. मी निमूट खाली उतरले असते तर विषय तिथेच मिटला असता, आणि त्यांचे उपकार पुन्हा माझ्या डोक्यावर बसले असते.

"सर, बसा," मी सगळ्यांसमोर मराठीत म्हणाले. "माझं उत्तर बाकी आहे."

ते बसले. मी नीरजाकडे पाहिलं.

"काही नाही केलं," मी म्हणाले. "रमाबाई आमच्याच भंडाऱ्याकडच्या होत्या. मी टेबलावर आहे म्हटल्यावर त्यांना धीर आला होता. निकालाचं पत्र हातात पडेपर्यंत, चार महिने, त्या सोमवारी सोमवारी यायच्या आणि पुढच्या जिन्याशी उभ्या राहायच्या. पहिल्या सोमवारी म्हणाल्या, 'जय भीम, पोरी. माझ्या फाइलीचं काय झालं?' मी सांगितलं, फाइल वर गेली आहे. त्यानंतर दर सोमवारी मी मागच्या जिन्यानं जायला लागले."

"टिपणी मी साहेबांच्या सांगण्यावरून लिहिली, एका दुपारी. मागच्या जिन्यानं मात्र मी चार महिने जात राहिले, आणि ते मला कुणी पेन्सिलीनं लिहून दिलं नव्हतं. अर्ज मुदतीत आला होता हे त्यांना मी तेव्हाच सांगायला हवं होतं. शिक्का मीच मारलाय, कोर्टात जा, मी साक्ष देते, असं म्हणायला हवं होतं. पंचविशीतल्या भावनाला माझं हेच सांगणं आहे. पुढच्या जिन्यानं जा, आणि रमाबाईंसमोर उभी राहा."

टाळ्या वाजल्या नाहीत. नीरजा खाली बसून वहीत लिहू लागली. उल्हास सर उठले आणि माझ्याकडे न पाहता दाराबाहेर गेले. माझ्या रिपोर्टात काय लिहिलं जाणार हे आता हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

मी माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "और कोई सवाल?"