बुडबुडा मधोमध होता

मित्रांनो, मी एक जुनी पाणसळ आहे. मला मान नाही, पण असती तर खाली घालूनच ही हकीकत सांगितली असती.

हातभर लांबीचं कडक लाकूड, टोकांना पितळेच्या पट्ट्या आणि पोटात काचेची नळी, अशी मी. नळीत हिरवट द्रव आणि त्यात एक बुडबुडा. मला कुठेही ठेवा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला तर जागा सपाट, सरकला तर तिरकी. काम एवढंसं, पण माझी ऐट काय विचारता!

माझे साहेब इंजिनिअर होते, पूल बांधायचे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला घेतलं आणि चाळीस वर्षं माझ्यावर विश्वास ठेवला. पण आंधळा विश्वास नाही हं. काम सुरू करण्याआधी ते मला एका बाजूने ठेवून बघायचे, मग टोकं उलटी करून पुन्हा बघायचे. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच जागी आला तरच मी खरी. "हिची उलटतपासणी झाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही," असं ते सगळ्यांना सांगायचे.

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना वाटलं, आता तरी घरात बसतील. कसलं काय! दर शनिवारी मला खांद्याच्या पिशवीत टाकून ते चर्चमध्ये हजर. डुगडुगणारे बाक नीट करा, चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधा, नाहीतर वृद्धाश्रमातल्या आज्यांच्या खाटा ठोकून द्या. बाई चिडवायच्या, "माझी पोळपाटाची जागाही बघा एकदा, सपाट आहे ना?" आणि साहेब खरंच बघायचे. मुलगी घरी आली की मात्र हातातलं काम तसंच टाकून गप्पा मारत बसायचे.

त्याच मुलीने एकदा आईबाबांच्या लग्नाचा फोटो गुपचूप मोठा करून आणला. साहेब बाहेर गेलेले बघून ती मला घेऊन स्टुलावर चढली, आणि मी तिच्या हातातून निसटून फरशीवर आपटले. तिने मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं. "काच तर शाबूत आहे," ती पुटपुटली. मला पुसून तिने पिशवीत ठेवलं आणि फोटो अंदाजानेच लावला. काच शाबूत होती, पण नळी जागेवरून केसभर सरकली होती.

दोन दिवसांनी चर्चच्या दारातल्या ओट्याचं काम निघालं. पाणी बाहेर जावं इतका बेताचा उतार द्यायचा होता. त्या सकाळी साहेब वृद्धाश्रमातला फुटलेला नळ बंद करण्यात अडकले आणि धावतपळत आले. सिमेंट कालवून तयार होतं, गवंडी ताटकळला होता. मित्रांनो, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझी उलटतपासणी राहिली.

उतारासाठी साहेबांनी माझ्या बाहेरच्या टोकाखाली पातळ पट्टी दिली, म्हणजे बुडबुडा मधोमध आला की हवा तेवढा उतार झाला, आणि मला लांब फळीवर ठेवलं. गवंडी डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, मला उतार आतल्या बाजूला वाटतोय."

"वाटण्यावर काम होत नाही. हिला विचारा."

गवंडी वाकला. बुडबुडा अगदी मधोमध होता. तो पुन्हा थापी चालवू लागला. पोटात काहीतरी हललंय हे मला जाणवत होतं, पण माझ्याकडे दोघं बघताहेत म्हटल्यावर मी नेहमीसारखीच मिरवले. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढच्या रविवारी उपासनेआधी ओटा धुतला आणि पाणी सरळ आत, पहिल्या बाकापर्यंत आलं. म्हाताऱ्या मंडळींनी पाय वर घेतले. कुणीतरी म्हणालं, "पूल बांधणारे साहेब आता नदीपण घेऊन आले." लोक हसले. चर्चचे पाळक म्हणाले, "होतं असं, साहेब." साहेबांनी गुडघे टेकून स्वतः पाणी पुसलं. मुलगीही शेजारी बसून पुसत होती.

घरी आल्यावर ते बाईंना म्हणाले, "माझी नजर गेली. आता लोकांच्या कामात हात घालायला नको." बाईंनी खूप समजावलं. पण त्यांनी मला पिशवीत घातलं आणि पुन्हा काढलं नाही. माझ्यावर एका शब्दानेही संशय घेतला नाही. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसायला लागले आणि सात महिन्यांनी वारले. निरोपाच्या दिवशी सगळे त्यांच्या पुलांबद्दल भरभरून बोलले. ओट्याचं नाव कुणीच काढलं नाही.

मग एकदा मुलीने त्यांच्या पुस्तकांसाठी फळी ठोकली. बुडबुडा मधोमध होता, तरी फळीवरची पेन्सिल गडगडत खाली आली. तिने पेन्सिल पुन्हा ठेवली, ती पुन्हा पडली. तेव्हा तिने बाबांसारखी माझी टोकं उलटी केली. बुडबुडा एका कडेला पळाला. मला हातात धरून ती लग्नाच्या त्या फोटोखाली जाऊन उभी राहिली.

रविवारी तिने पाळकांकडून दोन मिनिटं मागून घेतली.

"ओट्याची चूक बाबांची नव्हती. ही पाणसळ माझ्या हातून पडली होती आणि मी ते सांगितलं नाही. बाबांनी स्वतःला दोष दिला आणि काम सोडलं. मी त्यांच्या शेजारी बसून पाणी पुसलं, तरी मला ते आठवलं नाही."

मागून गवंडी उठला. "मला दिसत होतं, ताई. साहेबांना दुसऱ्यांदा सांगायचा धीर झाला नाही." नदीचा विनोद करणारे गृहस्थ बुटांकडे बघत बसले.

शनिवारी ओटा फोडून नव्याने केला. या वेळी गवंड्याने पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून पातळी बघितली. मी खिडकीत पडून होते. ओटा सुकल्यावर त्यावर बादली ओतली, तर पाणी झरझर बाहेर गेलं. मुलगी म्हणाली, "हे बाबांना दिसायला हवं होतं."

मित्रांनो, आम्हा अवजारांना पुसा, जागच्या जागी ठेवा, ते तर कराच. पण आम्ही तुमच्या हातून पडलो तर ज्याचं काम आमच्यावर चालतं त्याला त्याच दिवशी सांगा. तो रागावेल, फार तर पाच मिनिटं. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.