पालथ्या हाताची ऊब

मी एक जुना भाता आहे. कातड्याचा, पोटावर चार ठिगळं असलेला. मित्रांनो, सावकाश सांगतो. दम पुरत नाही.

श्वास आत.

जव्हारच्या मंसूरचाचांनी मला शिवलं. दर बाजाराला मोखाड्यात ते खड्ड्यात कोळसे रचायचे, मी फुंकायचो आणि काळवंडलेली पितळी पातेली कल्हईने उजळायची. पुढे घरोघरी स्टील आलं. मी खुंटीवर गेलो. एक कोपरा उंदरांनी खाल्ला.

श्वास बाहेर.

२००५ साली चाचांच्या शाळकरी नातीने, हुदाने, मला खाली काढलं. मोखाड्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिला तपकिरी बटू, म्हणजे आकाशातला एक अर्धवट तारा, मांडायचा होता. नंबर आला तरच ठाण्याला जायला मिळणार होतं.

घमेल्यात मूठभर कोळसे, भोवती गरम राखेचं कडं. मी कण्हत फुंकलं. कोळसे तापले, त्यांच्यावर राख धरली. जाळ नाही.

परीक्षक आले. "हे तर विझलंय. तारा कुठाय?"

"सर, हा तारा होता होता राहिला," हुदा म्हणाली. "वायू-धुळीचा ढग आकसून ताऱ्यासारखाच घडतो. पण वजन कमी पडतं, हायड्रोजन पेटत राहत नाही. आकसताना आलेली ऊब तेवढी उरते, तीही निवत जाते. म्हणून शास्त्रज्ञ उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीने त्याला शोधतात. कोवळ्या बटूभोवती धुळीची चकती असते. तिचीही ऊब सापडते. त्यावरून तोही ताऱ्यासारखाच जन्मला हे कळतं."

"पाठांतर छान. दिसत मात्र काहीच नाही." तिचं नाव खोडायला त्यांनी वहीत पेन टेकवलं.

पोशेऱ्याची रुपी, चाचांची जुनी गिऱ्हाईक, स्वतःच्या नातीचं प्रदर्शन बघायला आली होती. ती पुढे सरकली.

"गुरुजी, चाचा कदी जाळ बघं नाय. पालथा हात धरं. तुमी त नुसतं लांबून बघता!"

पोरं हसली. परीक्षकांनी ओशाळून पालथा हात धरला आणि झटकन मागे घेतला. मग कडेकडेने फिरवला.

"या राखेतही ऊब आहे?"

"तीच चकती, सर."

पेन खिशात गेलं.

श्वास आत.

हुदा ठाण्याला गेली. मी नाही. त्याच फुंकरीत माझी शिवण उसवली. पुन्हा खुंटी.

मित्रांनो, जुनं काही टाकण्याआधी, कुणाला विझलेला म्हणण्याआधी, एकदा पालथा हात धरून बघा. जवळून.

श्वास